तार बदलायची, पण लोकल थांबवायची नाही

माझ्या हुद्द्यात ‘मॅनेजर’ हा शब्द आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका हमखास विचारतात, “हाताखाली किती माणसं आहेत?” एकही नाही, असं सांगितलं की ते जरा वेळ गप्प बसतात आणि मग विषय पावसाकडे वळवतात.

मी डेटाबेस सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर आहे. रोज डोंबिवलीहून गाडीने कांजूरमार्ग, तिथून शेअर रिक्षाने पवई. अकरा वर्षं झाली. कोड मी लिहीत नाही, टेस्टिंग माझ्याकडे नाही, विक्री तर नाहीच. तरीही संध्याकाळी डोकं भणाणलेलं असतं. हे नेमकं काय काम आहे, ते घरात सगळ्यात आधी बाबांना कळलं. ते मध्य रेल्वेत ओएचईमध्ये होते, म्हणजे लोकलच्या डोक्यावरच्या विजेच्या तारा सांभाळणाऱ्या विभागात. त्यांच्या तारांकडे येतेच, पण आधी डेटाबेसकडे जाऊ.

डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही तो साठा बनवत नाही. आम्ही बनवतो तो साठा राखणारा दिवाणजी. जुन्या पेढीवरचा दिवाणजी व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ लिहायचा, तारीखवार, एकाखाली एक. मग सवडीने ती ओळ खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा. आजचे मोठे डेटाबेस पोटात हेच करतात. आईने मावशीला पाच हजार पाठवले, तर आधी कीर्दीत नोंद: इथून वजा, तिथे जमा, व्यवहार पुरा. ती ओळ डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री होईपर्यंत ‘झालं’ म्हणायचं नाही. खतावणी नंतर लिहिली तरी चालते. मध्येच वीज गेली तर खतावणी अर्धवट राहील, पण कीर्द वाचून ती पुन्हा लावता येते. कीर्दीत जो व्यवहार पुरा झालेला नाही, तो झालाच नाही असं धरायचं. आईचे पाच हजार गेले आणि मावशीला मिळाले नाहीत, असं होत नाही ते या शिस्तीमुळे.

दुसरी गोष्ट जरा कमी ठाऊक असते. १९७०च्या आधी माहिती मागणाऱ्या प्रोग्रॅमला ती कुठे आणि कशी ठेवली आहे, कोणत्या वाटेने तिथपर्यंत जायचं, हेही माहीत असावं लागायचं. त्या वर्षी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. माहिती तक्त्यांत ठेवा, विचारणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं, शोधायचं कसं ते यंत्र बघेल, हा त्याचा गाभा. १९७४मध्ये आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी भाषा मांडली. तिचं नाव सीक्वेल, पुढे ती एसक्यूएल झाली. चेंबूरला टॅक्सीत बसून तुम्ही ‘सीएसएमटी’ म्हणता. फ्रीवेने न्यायचं की सायन-दादरच्या गर्दीतून, ते ड्रायव्हर ठरवतो. डेटाबेसमधल्या या ड्रायव्हरला ऑप्टिमायझर म्हणतात. तो अंदाजावर चालतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याने माझा एक रविवार खाल्ला आहे.

आता हुद्द्याविषयी थोडक्यात. प्रोग्रॅम मॅनेजर हे पद मायक्रोसॉफ्टमध्ये १९८०च्या दशकात रुजलं. कोड लिहिणाऱ्याला ग्राहकाच्या डोक्याने विचार करायला फुरसत नसते, आणि ग्राहकाशी बोलणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही. मध्ये बसून ‘हे सॉफ्टवेअर नेमकं कसं वागेल’ हे लिहून काढणारा माणूस म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजर. ते लिखाण म्हणजे स्पेक. काही कंपन्यांत याच नावाचा माणूस निव्वळ वेळापत्रकं हाकतो, काही ठिकाणी याच कामाला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. नावावर जाऊ नका, मुलाखतीत विचारा: स्पेक कोण लिहितं?

स्पेक म्हणजे काय, हे एका अक्षरावरून सांगते.

एका ग्राहकाकडून तक्रार आली. गावाचं नाव ‘कऱ्हाड’ टाकून शोधलं की निम्म्या नोंदी येतच नाहीत, पण यादी उघडली तर त्या डोळ्यांसमोर दिसतात. परदेशातल्या डेव्हलपरने दोन नोंदी तपासल्या आणि शेरा मारला: दोन्ही अक्षरमाळा वेगळ्या आहेत, त्यामुळे जुळत नाहीत. बग नाही. बंद.

त्याचं म्हणणं खरं होतं, तीच तर पंचाईत. संगणक अक्षरं आकड्यांनी साठवतो. कऱ्हाडमधला तो पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे ह ठेवतात. काही कीबोर्ड साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात, मध्ये झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालतात आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आतून आकडे निराळे. कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे जगभरासाठी ठरवून देणारं प्रमाण म्हणजे युनिकोड. त्याचे स्वतःचे प्रमाणीकरणाचे नियमसुद्धा या दोघांना एक धरत नाहीत. लोक ‘कराड’ असंही लिहितात, पण ते प्रकरण तूर्त बाजूला ठेवते, नाहीतर लेख इथेच संपेल.

मी तक्रार पुन्हा उघडली आणि लिहिलं: वाचणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने हा एकच शब्द आहे, त्यामुळे ही आपली चूक आहे. यावर चोवीस तासांत उत्तर आलं, “ठीक आहे, दोन्ही समान धरू. दोन दिवसांचं काम.” इथे नवखा प्रोग्रॅम मॅनेजर खूश होऊन सही करतो. मीही पहिल्या वर्षी केली असती.

पण बघा. डेटाबेस लवकर शोधतो तो इंडेक्समुळे. पुस्तकाच्या शेवटी वर्णक्रमाने सूची असते, तसा हा इंडेक्स. सूची आधीच्या नियमाने लावलेली आणि शोधणारा नव्या नियमाने शोधतोय, तर तो चुकीच्या पानावर जाऊन ‘नाही’ म्हणून परत येईल. हे कल्पनेतलं संकट नाही. लिनक्समधल्या ग्लिबसी नावाच्या पायाभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती २०१८मध्ये आली, आणि तिच्यात वर्णक्रमाचे नियम बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस अनेक ठिकाणी वर्णक्रमासाठी त्या लायब्ररीवर विसंबून असतो. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली पण इंडेक्स नव्याने बांधले नाहीत, त्यांच्याकडे असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या. डेटाबेसला कुणी हातही लावला नव्हता. आपल्या वर्णमालेत ळ येतो हच्या पुढे, युनिकोडच्या क्रमांकांत तो लच्या लगेच पुढे. उद्या कुणी सरळ मनाने ‘मराठीचा क्रम नीट करू’ म्हणालं, तर तेवढ्यानेही असाच घोळ होऊ शकतो.

याहून वाईट एक शक्यता होती. समजा एखाद्याच्या तक्त्यात नियम आहे की गावाचं नाव एकदाच यावं, आणि आत दोन्ही प्रकारचे कऱ्हाड गेली सहा वर्षं सुखाने नांदत आहेत. आपण दोघांना एक म्हटलं की त्या क्षणी नियम मोडतो. अपग्रेड मध्येच थांबेल, रात्री दोन वाजता, आणि तिथल्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला, समोर दोन सारखे शब्द दिसतील. ‘नाव दोनदा आलंय’ असा संदेश येईल. कुठलं काढू? एकाशी हजारो खाती जोडलेली, दुसऱ्याशीही.

शेवटी ठरलं ते असं: जुना नियम आहे तसाच राहील, एका बिंदूचाही फरक नाही. नव्या नावाचा नवा नियम द्यायचा, ज्याला हवा त्याने निवडून तो लावावा. लावण्याआधी दुहेरी ठरणाऱ्या नोंदींची यादी काढून देणारं एक छोटं साधन सोबत द्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये वर्णक्रमाच्या नियमांच्या नावातच ९०, १००, १४० असे आकडे दिसतात, ते अशाच कारणाने. दुरुस्तीचा कोड खरंच दोन दिवसांत झाला. स्पेक तीन आठवडे चालला, नऊ पानं भरली. तक्रार करणारा ग्राहक मात्र रागावला. चूक तुमची, मग दुरुस्ती आम्ही का मागून घ्यायची? मला त्याचं पटतं. तरी पुन्हा प्रसंग आला तर मी तेच करीन.

आता तो रविवार. आणखी एक ग्राहक, नाव सोडून देऊ. त्यांनी शनिवारी रात्री आमच्या नव्या आवृत्तीवर अपग्रेड केलं. त्यांचं डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवण्याचं काम, चाळीस मिनिटांत उरकायचं. रविवारी सकाळी साडेसातला मला फोन आला तेव्हा ते चालूच होतं.

दोष निघाला ऑप्टिमायझरच्या अंदाजात. गणित सोपं आहे. समजा ३६ लाख खाती आहेत, आणि मागणी अशी: तालुका कऱ्हाड आणि जिल्हा सातारा. महाराष्ट्रात ३५८ तालुके. खाती सगळीकडे सारखी धरली तर एका तालुक्यात साधारण दहा हजार येतील. जिल्हे ३६, म्हणून ऑप्टिमायझर त्याला आणखी ३६ने भागतो आणि म्हणतो, पावणेतीनशेच्या आसपास ओळी निघतील. आपण हसू, कारण कऱ्हाड साताऱ्यातच आहे हे आपल्याला ठाऊक आहे. जिल्हा सांगितल्याने एकही ओळ कमी होत नाही. यंत्राला भूगोल माहीत नसतो. दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं तो गृहीत धरतो. पावणेतीनशे ओळींसाठी एकेक खातं उचलून त्याचे व्यवहार शोधत बसणं परवडतं, दहा हजारांसाठी नाही. आणि ही एक पायरी. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, चूक प्रत्येक पायरीवर गुणली जाते. आमच्या जुन्या आवृत्तीत अशा वेळी एक ढोबळ नियम होता, जो चुकून बरोबर ठरायचा. आम्ही तो काढून अधिक ‘शास्त्रशुद्ध’ नियम आणला होता. बहुतेकांचं काम त्याने वेगवान झालं. यांचं झालं नाही.

मोठ्यांचंही असंच होतं. मायक्रोसॉफ्टने १९९८च्या ७.० आवृत्तीनंतर ओळींच्या अंदाजाचं गणित पहिल्यांदा मुळापासून बदललं ते एसक्यूएल सर्व्हर २०१४मध्ये. सोबत कम्पॅटिबिलिटी लेव्हल नावाची खुंटी ठेवली. सॉफ्टवेअर नवं घ्या, पण खुंटी जुन्या आकड्यावर ठेवलीत तर अंदाज जुन्या पद्धतीने बांधले जातील. आमच्याकडेही अशी खुंटी होती. ती आपोआप नव्या जागी सरकत होती, आणि सरकू नये असं वाटत असेल तर काय करायचं हे सोबतच्या टिपणात बाराव्या पानावर एका ओळीत होतं. ती ओळ मी लिहिली होती. बारावं पान कुणी वाचत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

दुपारी दोनला खुंटी मागे फिरवून प्रकरण मिटलं. मी जेवणाच्या ताटावर नुसती बसून होते. बाबांनी विचारलं, “काय बदलत होतात?”

मी सांगितलं. ते म्हणाले, “गाड्या आधी तयार केल्या होत्या का?”

मला कळलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येक नवीन मुलाला सांगते. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी आलं आणि मुंबई जुन्या विजेवर अडकून राहिली. बदल करायचा तर रोज लाखो माणसं या गाड्यांवर. वर्षभर बंद ठेवून तारा बदलू, असं म्हणायची सोय नाही. मग काय केलं? आधी दोन्ही विजांवर चालतील अशा गाड्या आणल्या. तारेत डीसी असतानाच त्या धावू लागल्या, प्रवाशांना पत्ताही नाही. नवी उपकेंद्रं उभी राहिली, इन्सुलेटर बदलले, पुलाखालची अंतरं वाढवली, सगळं गाड्या जुन्याच विजेवर धावत असताना, रात्रीच्या पॉवर ब्लॉकमध्ये, म्हणजे काही वेळ तारेतली वीज बंद ठेवून. मग एकेक टप्पा नव्या विजेवर घेतला. जुनी आणि नवी हद्द जिथे भेटायची तिथे काही क्षण डब्यातले दिवे-पंखे जायचे, एवढाच काय तो त्रास. पश्चिम रेल्वेचं काम २०१२मध्ये संपलं. शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६मध्ये धावली, त्याच हार्बर मार्गावर.

“तार शेवटी बदलायची,” बाबा म्हणाले. “आणि जुन्या गाडीची चावी लगेच भंगारात टाकायची नाही.”

डेटाबेसमध्ये यालाच अनुसरून काम चालतं. समजा ‘पूर्ण नाव’ या एका रकान्याचे ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन करायचे आहेत. नवे रकाने आधी रिकामे जोडायचे. मग नवी नोंद जुन्या आणि नव्या दोन्ही जागी लिहायची, ही दोन विजांची गाडी. मागचा साठा थोडा थोडा करून, रात्री, नव्या जागी उतरवायचा. वाचणारे एकेक करून नव्याकडे वळवायचे. सगळे वळल्याची खात्री पटली की जुना रकाना काढायचा. प्रत्येक पायरीवर मागे फिरता आलं पाहिजे. शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी कधी होतच नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या कोडमध्ये असे ‘लवकरच काढू’ म्हणून राहिलेले रकाने आहेत, त्यांना जोडणारी माणसं नोकरी बदलून गेली, काही निवृत्त झाली.

हा आटापिटा कशाला, रविवारी मेगाब्लॉक घ्या ना, असं पूर्वी म्हणता यायचं. बँका रात्री बंद, रविवारी बंद, तेवढ्यात काय ती डागडुजी. मग १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं, १४ डिसेंबर २०२०पासून आरटीजीएसही. यूपीआयला तर रात्र-दिवस कधी नव्हतेच. रात्री अडीचला कुणीतरी रिक्षावाल्याला चाळीस रुपये पाठवत असतंच. रेल्वेला अजून मेगाब्लॉक मिळतो. आमच्या ग्राहकांचा गेला.

यावरून कुणाला वाटेल की मग बदलूच नका. त्याचं उत्तर २५ जानेवारी २००३ला मिळालं. एसक्यूएल स्लॅमर नावाचा अवघ्या ३७६ बाइटचा किडा त्या दिवशी सुटला आणि दहाएक मिनिटांत जगभरच्या बहुतेक असुरक्षित सर्व्हरमध्ये शिरला. ज्या भोकातून तो शिरला त्यावरचं ठिगळ, म्हणजे पॅच, मायक्रोसॉफ्टने जुलै २००२मध्येच दिलं होतं. सहा महिने ते पडून होतं. काहींनी लावलं नाही. काहींना तर आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं, कारण त्याची छोटी आवृत्ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आली होती. म्हणून पॅच तयार झाला की डेव्हलपरचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. लावायला किती वेळ, सर्व्हर बंद करावा लागेल का, बिघडलं तर मागे कसं फिरायचं, आणि हे सगळं बाराव्या पानावर नको, पहिल्या पानावर.

उरलेला दिवस कसा जातो ते विशेष सांगण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या मंडळींची सकाळ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आमच्या मीटिंगमध्ये जगभर ऐकू जातात. रिलीज जवळ आलं की रोज ट्रायज: शिल्लक बग एकेक करून समोर घ्यायचे आणि ठरवायचं, आता दुरुस्त करायचा की तसाच जाऊ द्यायचा. तसाच जाऊ द्यायचा, हे बाहेरच्यांना धक्कादायक वाटतं. पण माहीत असलेला बग निदान कुठे आहे ते ठाऊक असतं, शेवटच्या आठवड्यातली घाईची दुरुस्ती नवीन काय घेऊन येईल याचा भरवसा नसतो. मला तिथे कुणाला हुकूम देता येत नाही, फक्त पटवता येतं. हाताखाली माणसं नसण्याचा अर्थ तोच.

या कामाकडे वळायचं असेल तर एक करून बघा. पोस्टग्रेस फुकट मिळतो, घरच्या लॅपटॉपवर चालतो. त्यात कऱ्हाड दोन कीबोर्डांवरून दोन प्रकारे लिहा आणि विचारा, हे दोन समान आहेत का. तो नाही म्हणेल. मग एक कोरा कागद घ्या आणि ‘हो’ यायला हवं असेल तर काय काय बदलेल, कुणाकुणाचं मोडेल, ते लिहायला लागा.